ओ आल्याशिवाय

कल्याण,
रविवार, ९ जानेवारी १९५५

तीर्थरूप बाबांना शेवंतीचा नमस्कार.

नमस्कार पोचला असेल तर मान हलवा. नाही हलवणार, हे मला इथे वसतिगृहात बसून दिसतंय. शकू, तू मात्र ताईचं पत्र वाचत राहा. ते उठून मिठागराच्या बांधाकडे निघाले तर मोठ्याने वाच. तुझा गळा तिथपर्यंत पोचतो, साऱ्या गावाला ठाऊक आहे.

माझी तब्येत बरी आहे. आई, इथलं जेवण अळणी असतं, पण पोटभर मिळतं. मिठागरवाल्याच्या मुलीच्या ताटात मीठ कमी, हे कोणाला सांगू नकोस. इंटरची परीक्षा आता दोन-अडीच महिन्यांवर आली आहे आणि माझा अभ्यास चांगला चाललाय.

बाबा, एक लहानशी गोष्ट झाली आहे. आमच्या वसतिगृहाच्या कमिटीचे कार्यवाह महिपतराव म्हणून आहेत. त्यांच्या बोटाला माझ्या खोलीच्या दारात जरासं लागलं. फार काही नाही. पण कमिटीने मला बोलावलंय आणि सोबत पालक हवेत असं म्हणतात. रविवार, ६ फेब्रुवारी, सकाळी दहा वाजता. पालक आले नाहीत तर वसतिगृहातून माझं नाव कमी करतील. नाव कमी झालं तर परीक्षेपर्यंत राहायचं कुठे, आणि परीक्षा बुडाली तर मला परत घरीच यावं लागेल. ते तुम्हालाही नको असेल, कारण मग रोज माझ्याशी न बोलण्याचे कष्ट घ्यावे लागतील.

मीठ ओढायचे दिवस आहेत, मला कळतं. तरी या.

तुमची,
शेवंती


कल्याण,
सोमवार, १७ जानेवारी १९५५

तीर्थरूप बाबा,

शकूचं कार्ड आलं. तिने लिहिलंय, तुम्ही बिडी विझवलीत आणि विचारलंत, "पोरीनी कोनाचा हात मोरला?" ते वाचून मी एवढी हसले की माझ्या खोलीतली तुळसा घाबरली. जूनपासून तुम्ही माझं नाव घेतलेलं नाही. आता निदान 'पोरीनी' म्हणालात. नावाच्या अर्ध्या वाटेवर तरी आलात.

हात मोडला नाही. बोट चेंगरलं. नख काळं पडलंय आणि त्याच्यावर त्यांनी एवढं फडकं गुंडाळलंय की त्यात एका तान्ह्या पोराचं अंगडं निघेल. मागच्या पत्रात मी मुद्दाम 'जरासं' लिहिलं होतं. म्हटलं, पुरतं सांगितलं नाही तर बाबा विचारतील. विचारलंत. आता सगळं ऐका.

आमचं वसतिगृह म्हणजे लढाईच्या वेळची बराक. सोल्जर गेले, मग ट्रस्टने मध्ये लाकडी भिंती घालून खोल्या पाडल्या. इथून विठ्ठलवाडीकडे गेलं की अशाच बराकींतून सिंधी निर्वासितांचे संसार आहेत. आमच्या बराकीत आम्ही कॉलेजच्या मुली. प्रत्येक खोलीला दार आहे, पण एकाही दाराला आतून कडी नाही. कडीच्या जागी चार भोकं उरली आहेत. तुळसा त्यात उदबत्ती खोचते.

कड्या होत्या. दोन वर्षांपूर्वी एका मुलीने आतून कडी लावून स्टोव्ह पेटवला. स्टोव्हचा भडका उडाला आणि घाईत कडी अडकली. आमच्या रेक्टर कॉन्स्टन्सबाई, वसईकडच्या कोळ्यांतल्या ख्रिस्ती, त्यांनी स्वतः पहार घेऊन दार फोडलं. मुलगी वाचली, पण तिचा हात भाजला आणि शिक्षण सुटलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्या कड्या उपटून काढल्या. तेव्हापासून व्हरांड्यात पाटी आहे की मुलींच्या सुरक्षिततेसाठी रेक्टर आणि कमिटीचे सभासद कोणत्याही खोलीत कोणत्याही वेळी पूर्वसूचनेशिवाय येतील.

मी त्या पाटीला नावं ठेवत नाही. बाईंच्या मनगटावर त्या दिवसाचा डाग आहे, तो मी पाहिलाय. त्या येतात तेव्हा त्यांच्या किल्ल्यांचा जुडगा आधी वाजतो आणि आम्ही सावरून बसतो. कमिटीच्या माणसांकडे किल्ल्या नसतात.

नव्या वर्षाचा पहिला रविवार होता. दुपारी तुळसा न्हाऊन आली होती आणि साडी नेसत होती, म्हणजे अर्धी अंगावर, अर्धी खाटेवर. मी दाराशी बसून इतिहास पाठ करत होते. एवढ्यात बाहेर कोणी पुरुष खाकरला.

आता बाबा, तुम्हीच सांगा, आपल्या घरात वाढलेल्या मुलीने काय समजायचं? तुम्ही ओटीवर चढलात की खाकरायचात. आई आतून बांगड्या वाजवायची, नाहीतर 'हां' म्हणायची, मग तुमचं पाऊल उंबऱ्याच्या आत. आतून काही वाजलं नाही तर तुम्ही ओटीवरच बसून राहायचात, मिठागरावरून उन्हात भाजून आलेले असलात तरी. आजा तसाच, काका तसेच. मला वाटायचं, जगात सगळे पुरुष घरात असेच शिरतात. मी आतून ओरडले, "थांबा!" आणि निर्धास्त झाले. तुळसाला म्हटलंसुद्धा, "सावकाश नेस गं, थांबलेत ते."

माझी चूक काय ती एवढीच. महिपतरावांना दमा आहे, बाबा. ते दम्याने खाकरले होते.

दार उघडायला लागलं. तुळसा किंचाळली. मी उठून दाराला खांदा लावला, आणि हा खांदा मिठाच्या पाट्या वाहून तयार झालेला आहे. दार बसलं आणि बाहेर बोंब झाली. ते देणगी देणाऱ्या दोन पाहुण्यांना खोल्या दाखवायला आले होते. मी ओरडून सांगितलं, "थांबा म्हटलं होतं ना!" तर बाहेरून उत्तर काय आलं, ऐका. "इमारत आमची आहे. आम्ही कशाला थांबायचं?"

हे वाक्य मी आधीही एकदा ऐकलेलं आहे. तुम्हीही ऐकलेलं आहे.

शेवंती


कल्याण,
गुरुवार, २७ जानेवारी १९५५

तीर्थरूप बाबा,

शकू लिहिते की शेवटच्या दोन ओळी ऐकून तुम्ही भाकरी तशीच टाकून उठलात. आईने तिला झापलं म्हणे, कशाला वाचलंस ते! शकूला बोलू नका. तिने फक्त वाचलं, लिहिलं मी.

इकडे रोज कोणी ना कोणी मला शहाणपण शिकवतंय. माफीचं पत्र तयार आहे, खाली सही तेवढी करायची आहे. त्यात लिहिलंय, 'मी रागाच्या भरात दार लोटले व माझ्या उद्धट वर्तनाबद्दल मला खेद वाटतो.' मी रागात नव्हते आणि मला खेदही वाटत नाही. बोटाचं वाईट वाटतं. ते मी महिपतरावांना त्याच दिवशी तोंडावर सांगितलं आणि चुन्या-हळदीचा लेप करून पाठवला. त्यांनी तो लावला नाही, ही त्यांची मर्जी.

तुळसाने तिच्या मामाच्या भीतीने सही केली. 'मी आरडाओरड केली' असं तिच्या पत्रात आहे. रात्रभर रडली बिचारी. मी तिला एका शब्दाने बोलले नाही. तिच्या मामाचं घर आपल्यासारखं नाही. नाव कमी झालं तर महिन्याभरात तिचं लग्न उरकतील.

परवा कॉन्स्टन्सबाईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, "अगं, सही कर नि मोकळी हो. परीक्षा दे. दारं काय, जन्मभर मिळतील तुला."

मी म्हटलं, "बाई, मला कडी परत नकोय. बाहेरच्याने आवाज द्यावा आणि आतून ओ आल्याशिवाय आत येऊ नये, एवढंच पाहिजे."

"आणि ओ आलीच नाही तर? आत पोरगी जळत असली, बेशुद्ध पडली असली तर? मी बाहेर हाका मारत बसू?"

बाई रागावल्या होत्या, पण त्यांचा आवाज कापत होता. तेव्हा मला कळलं की त्या आम्हाला त्रास द्यायला दारं ढकलत नाहीत. त्यांना अजून तो धूर दिसतो. या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय मला काही मागायचा हक्क नाही, हेही कळलं.

मी विचार करून म्हटलं, "तीनदा आवाज द्या. तिसऱ्यांदाही ओ आली नाही, तर लाथ मारून आत या. तेव्हा कोणी तक्रार करणार नाही."

त्यांनी मनगटावरच्या डागावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "बापाला घेऊन ये. एकट्या मुलीचं कमिटी ऐकून घ्यायची नाही."

तर बाबा, आता जूनचं बोलते. शकू, सावकाश वाच आणि गाळू नकोस.

मानपाड्याचं स्थळ मला नको होतं, हे मी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. मला शिकायचं होतं. तुम्ही म्हणालात, माणसं बघून तर जाऊ दे. मी तेवढ्याला कबूल झाले. आई म्हणाली हिरवी साडी नेस, म्हणून मी आतल्या खोलीत दार लोटून साडी बदलत होते. तुम्ही त्या दोघांना घेऊन सरळ आत आलात. खाकरला नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा खाकरला नाहीत. मी गोधडी ओढून अंगावर घेतली आणि म्हटलं, "बाबा, खाकरला नाहीत." त्या परक्या माणसांसमोर तुम्ही म्हणालात, "घर माजा हाय. मी कनाला खाकरू?"

तुम्हाला वाटतं, मी शिक्षणासाठी भांडून घर सोडलं. गावालाही तेच वाटतं. शिक्षण होतंच. पण स्थळाबद्दल मी आणखी भांडले असते, रुसले असते, आणि शेवटी तुम्हीच हरला असता, कारण नेहमी हरता. मी गेले ती त्या गोधडीमुळे. त्या दिवशी मला वाटलं की आता या घरात माझं असं काही उरलं नाही, लोटलेलं दारसुद्धा नाही. मला फार लागलं ते, बाबा. अजून लागतं.

म्हणून मी इथे सही करणार नाही. तुमच्यापुढे वाकले नाही, आणि तुम्ही तर माझे बाबा, माझ्यासाठी जीव द्याल असे. मग महिपतरावांपुढे कशी वाकू? तुम्ही आलात तर बरं. नाही आलात तर मी एकटी उभी राहीन आणि जे म्हणायचं ते म्हणेन. पेटी भरून ठेवली आहे. पण दार मी धरलं ते बरोबर केलं, हे त्या पेटीसकट म्हणणार आहे.

शेवंती


कल्याण,
सोमवार, ७ फेब्रुवारी १९५५

तीर्थरूप बाबा,

काल तुम्ही आलात. घरी जाऊन आईला काय सांगितलंत ते मी सांगते. "झाला." एवढंच ना? म्हणून हे पत्र. शिवाय तुम्ही दाराच्या बाहेर होतात. आत काय चाललं होतं ते तुम्हाला कुठे माहीत आहे?

आई, ऐक. दहा वाजून गेले होते. टेबलामागे कमिटीची माणसं, मधोमध महिपतराव, कडेला कॉन्स्टन्सबाई, आणि समोर मी एकटी उभी. बाबांची वाट बघत मी सारखी दाराकडे वळत होते. महिपतराव कारकुनाला म्हणाले, "पालक आले नाहीत, असं लिहा."

तेवढ्यात बाहेर कोणी खाकरलं.

सगळ्यांनी महिपतरावांकडे पाहिलं. ते म्हणाले, "मी नाही." आई, मला तिथे हसू फुटलं असतं, पण डोळे भरून आले होते. तो आवाज मी शंभर माणसांतून ओळखीन. थोड्या वेळाने पुन्हा खाकरणं आलं.

मी म्हटलं, "माझे बाबा आलेत."

"मग आत का येत नाहीत? दार तर सताड उघडं आहे," महिपतराव म्हणाले.

"तुम्ही 'या' म्हणाल्याशिवाय ते येणार नाहीत."

उघड्या दारातून तुमची सावली व्हरांड्यात पडलेली दिसत होती, टोपीसकट. तुम्ही कधीपासून उन्हात उभे होतात देव जाणे. महिपतराव आपल्या फडक्यातल्या बोटाकडे बघत राहिले. शेवटी कॉन्स्टन्सबाई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "या दादा, आत या."

आई, ते लग्नातला काळा कोट घालून आले होते, या उन्हात! बसा म्हटलं तर बसले नाहीत. महिपतरावांनी सगळं गाऱ्हाणं सांगितलं, बोट वर करून दाखवलं. बाबांनी ते नीट वाकून पाहिलं, जसा बैलाचा खूर बघतात. मग म्हणाले, "बोट चेपला, त्याची माफी मी मांगतो. दार धरला, त्याची नाय मांगनार. तिनी पन नाय मांगायची." आणि हात जोडून बाहेर जाऊन उभे राहिले. तुम्हाला वाटलं असेल की काम झालं. बाबा, खरं काम त्यानंतर झालं.

महिपतराव म्हणाले, "हे असं प्रत्येक खेडूत येऊन आम्हाला शिकवायला लागला तर..." आणि कॉन्स्टन्सबाईंनी त्यांना मध्येच तोडलं. म्हणाल्या, "दोन वर्षं मी घाबरून दारं ढकलते आहे. मुलीही घाबरतात. त्या न्हाऊन आल्या की पाठीने दार धरून उभ्या राहतात, हे मला ठाऊक असून मी बोलले नाही. शेवंतीने सुचवलेला नियम मला मान्य आहे. तो नको असेल तर दुसरी रेक्टर बघा." मग बरीच वादावादी झाली. मी हललेसुद्धा नाही. अखेर ठराव झाला. कोणीही असो, बाहेरून आवाज द्यायचा आणि ओ आल्याशिवाय आत यायचं नाही. तीनदा आवाज देऊन ओ आली नाही, तरच दार उघडायचं. माफीचं पत्र बाईंनी फाडलं. तुळसाचंही फाडलं. माझं नाव राहिलं.

मला धावत येऊन तुम्हाला सांगायचं होतं. पण बाई म्हणाल्या, "तू खोलीत जा, त्यांना मी घेऊन येते. बापाला खोली तर दाखव." मी पळत गेले, पसारा खाटेखाली कोंबला, चादर ओढली आणि दार लोटून उभी राहिले. मला तुमचं खाकरणं ऐकायचं होतं, बाबा. खरं सांगते, सगळी कमिटी, सगळा ठराव एकीकडे आणि ते एकीकडे.

तुम्ही आलात. वहाणा वाजल्या. तुम्ही खाकरलात.

आणि मला रडू आलं. मी 'या' म्हणाले, ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. तुम्ही पुन्हा खाकरलात, हळू, घाबरल्यासारखे. मी तुम्हाला घाबरलेलं कधी ऐकलं नव्हतं. बांगड्या वाजवाव्या म्हटलं, तर दोन्ही हातांत एकेकच बांगडी, ती कशावर वाजणार? मी तोंडात पदर कोंबून रडत होते. दार उघडायचं तेवढं सुचलं नाही.

उघडलं तेव्हा व्हरांडा रिकामा होता. उंबऱ्याशी सुकटीची पुरचुंडी होती आणि मिठाची एक लहान पिशवी. ताटातलं मीठ कमी असतं, हे तुम्ही ऐकलं होतं तर! कॉन्स्टन्सबाई म्हणाल्या, "मी त्यांना म्हटलं, दादा, आतच आहे ती, दाराला कडीसुद्धा नाही, ढकला. तर म्हणाले, 'वो नाय आली.' आणि गेले स्टेशनकडे." मी फाटकापर्यंत धावले. तुम्ही दिसला नाहीत.

तुम्हाला वाटलं, मी अजून रागावले आहे. आपल्या घरी ओ नाही म्हणजे 'येऊ नका'. तुम्ही आपल्या घरच्या रीतीने मागे फिरलात. राग नव्हता हो बाबा! जूनची ती गोधडी तुमच्या पहिल्या खाकरण्यालाच गळून पडली. दुसऱ्याला मी पुरती तुमची झाले होते.

पण आता इथला नियम वेगळा आहे, आणि तो तुमच्यासमोर नाही, तुमच्यामुळे झालेला आहे. माणसाने तीनदा आवाज द्यायचा. तुम्ही दोनदाच खाकरलात. एकदा राहिलंय.

शिमग्याला मी घरी येते. आल्यावर कोणाशी न बोलता आतल्या खोलीत जाईन आणि दार लोटून घेईन. शकू, तेव्हा तू मध्ये येऊ नकोस आणि आईलाही येऊ देऊ नकोस. तुम्ही बांधावरून या, ओटीवर चढा आणि राहिलेलं एकदा खाकरा. काल संध्याकाळी मी बाजारात जाऊन हिरव्या बांगड्या भरल्या, दोन्ही हात भरून. आज वर्गात लिहिताना वाजतात आणि प्रोफेसर मान वर करून बघतात.

तुमची,
शेवंती